शहरापेक्षा पंचवीस पट मोठं गाव

गेल्या पावसाळ्यात माळ्याला ओल आली म्हणून जुनी ट्रंक खाली काढली, तर तळाशी आजोबांच्या वेळचा एक सात-बारा सापडला. कागद इतका जुना की घडीवर बोट ठेवलं तरी भुगा होतोय, निळी शाई कडेने पसरलेली, आणि वर तलाठ्याच्या वळणदार अक्षरात मौजे दहिसर, तालुका बोरिवली, जिल्हा ठाणे. क्षेत्र एक एकर सात गुंठे. मुलगा शेजारी उभा राहून वाचत होता, म्हणाला आई हे चुकलंय ना, जिल्हा ठाणे कसा काय, आपण तर मुंबईत. म्हटलं बाळा चुकलं काहीच नाही, तेव्हा आपण मुंबईत नव्हतोच. १९५७ साली मुंबईची हद्द पश्चिमेला दहिसरपर्यंत आणि तिकडे सेंट्रलला मुलुंडपर्यंत वाढली, त्याआधी १९५० ला जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली होती. म्हणजे आजोबा एका रात्रीत, घरातून पाऊलही न उचलता, ठाणे जिल्ह्यातले मुंबईकर झाले. आजी मात्र शेवटपर्यंत "मुंबयला चाललो" असंच म्हणायची, चर्चगेटला जायचं असलं की. दहिसर स्टेशनवरून लोकल पकडून मुंबईतून मुंबईला.

त्याच संध्याकाळी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती ओस्लोला शिकते, दोन वर्षं होत आली आता. मी तिला कागद कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला आणि म्हटलं बघ तुझ्या पणजोबांची एक एकर सात गुंठे. ती एकदम म्हणाली, मावशी एकर म्हणजे इकडे पण एकरच, मी राहते त्या भागाचं नावच ते आहे. तिचं हॉस्टेल क्रिंगशो म्हणून जागा आहे तिथे, मेट्रोच्या सॉग्न्सवान लाईनवर, पुढे लगेच तळं आणि मग जंगल सुरू. आणि त्या वॉर्डाचं नाव नॉर्डरे आकेर. नॉर्डरे म्हणजे उत्तरेकडचं, आणि आकेर म्हणजे शेत, नांगरलेली जमीन. जुन्या नॉर्स भाषेत आक्र. इंग्रजीतला एकर तिथलाच भाऊबंद, ग्रीकमधला आग्रोस तोच, आणि आपल्या संस्कृतातला अज्र पण तोच, ऋग्वेदात शेत किंवा मोकळं रान या अर्थाने येतो. आपण सात-बारावर लिहितो तो एकर इंग्रजांकडून आला, पण शब्दाचं कूळ इतकं जुनं आणि इतकं लांबवर पसरलेलं असेल हे मला माहीतच नव्हतं. रात्री झोप लागेना, मोबाईलवर आकेर आकेर करत वाचत बसले, आणि मग पुढचे दोन महिने तेच. भाचीला पण कामाला लावलं, इथे जा, तिथला फोटो पाठव. हा सगळा लेख त्यातूनच आलाय.

तर आकेर ही नॉर्वेतली एक जुनी ग्रामीण नगरपालिका म्हणा, किंवा आपल्या भाषेत मोठ्ठी ग्रामपंचायत म्हणा. ते लोक हेरेड म्हणायचे. १८३७ साली नॉर्वेत स्थानिक कारभाराचा कायदा झाला, आणि १८३८ पासून प्रत्येक गावाला, प्रत्येक शहराला आपापली निवडून दिलेली कमिटी आणि आपला अध्यक्ष मिळाला. आकेरलाही तेव्हाच मिळाली. गंमत बघा, शहर कुठे होतं? आकेरच्या मधोमध. आकेर शहराला चारी बाजूंनी वेढून बसलेलं, उत्तरेला जंगल, पूर्वेला दरी, पश्चिमेला टेकड्या, आणि मध्ये फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या, टोकाशी इवलंसं शहर, वाटीत ठेवलेल्या लाडवासारखं.

त्या शहराच्या नावाची गोष्ट तर मला आकेरइतकीच आवडली, त्यामुळे जरा थांबून सांगते. ओस्लो हे मूळ मध्ययुगातलं गाव, नदीच्या पूर्वेला. १६२४ ला ते जळालं, आगीत बेचिराख झालं, तेव्हा राजा चौथा क्रिस्तियान म्हणाला की आता शहर इथे नको, किल्ल्याच्या आसऱ्याला पलीकडे वसवू, आणि त्याने नव्या शहराला स्वतःचं नाव दिलं, क्रिस्तियानिया. पण जुन्या जागेवरचे लोक सगळे थोडीच उठून गेले, काही तिथेच राहिले, आणि ती वस्ती हद्दीबाहेर ओस्लो याच नावाने जगत राहिली. म्हणजे राजधानीचं नाव क्रिस्तियानिया आणि तिच्या वेशीबाहेरच्या गरीब वस्तीचं नाव ओस्लो. १८५९ ला ती वस्ती शहरात घेतली. आणि १९२५ च्या एक जानेवारीला सगळ्या शहरानेच ते नाव घेतलं! वस्तीचं नाव राजधानीला गेलं आणि वस्तीला नवं नाव मिळालं, गामलेब्युएन, म्हणजे जुनं शहर. राजाचं नाव तीनशे वर्षं टिकलं, पण वेशीबाहेरच्यांनी धरून ठेवलेलं नाव त्याच्यापेक्षा चिवट निघालं. आपल्याकडे १९९५ ला बॉम्बेचं मुंबई झालं ते पण असंच ना, घरात कोळणी आणि गिरणीवाले मुंबईच म्हणत होते पहिल्यापासून, कागदाला कळायला वेळ लागला.

आता ज्या किल्ल्याच्या आसऱ्याला नवं शहर बसवलं त्या किल्ल्याचं नाव काय, तर आकेर्सहूस. आकेरचा वाडा, आकेरचं घर. साधारण १३०० च्या सुमाराला राजा पाचव्या होकूनने बांधायला घेतलेला. राजाचा किल्ला, पण नाव शेताचं. पुढे त्या किल्ल्यावरून अख्ख्या जिल्ह्याचं नाव आकेर्सहूस पडलं, आणि आकेर हेरेड त्या जिल्ह्यात होतं, जसं आमचं दहिसर ठाणे जिल्ह्यात.

शहर वाढायला लागलं तसे आकेरचे लचके तुटायला लागले. दुसरा शब्द सुचत नाही मला. १८५९ ला पहिला मोठा तुकडा, ग्र्युनरलोक्का, ग्रोनलांड वगैरे भाग. १८७८ ला आणखी मोठा, त्यात फ्रोग्नर, मायोर्स्तुएन, तोर्शोव, काम्पेन, वोलेरेंगा. आणि मग १९४८, एक जानेवारी, उरलेलं सगळं आकेर एकदम ओस्लोत. त्या दिवशी ओस्लो शहराचं क्षेत्रफळ होतं सुमारे १७ चौरस किलोमीटर आणि आकेरचं सुमारे ४३७. परत वाचा. सतरा आणि चारशे सदतीस. शहरापेक्षा पंचवीस पटींहून मोठं गाव शहरात "विलीन" झालं. माणसं अर्थात शहरात जास्त होती, ओस्लोत दोन लाख शहाऐंशी हजाराच्या आसपास आणि आकेरमध्ये एक लाख तीस हजाराच्या वर. पण एक लाख तीस हजार म्हणजे काही थोडी वस्ती नाही, नॉर्वेसारख्या देशात तर अजिबात नाही.

मी हे आकडे वाचून लगेच आपले काढले. मुंबई शहर म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन, साधारण ६८ चौरस किलोमीटर. उपनगर साधारण ३७०. एकूण बृहन्मुंबई ४३७ च्या आसपास. आणि आजचं ओस्लो ४५४. म्हणजे दोन्ही शहरं अंगाने जवळपास सारखीच! माणसांचं विचाराल तर तिकडे सात लाख आणि इकडे २०११ च्या जनगणनेला एक कोटी चोवीस लाख, तो भाग सोडून द्या. पण शहराने भोवतालचा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा मुलूख पोटात घ्यायचा, आणि दोन-तीन पिढ्यांत त्या मुलखातल्या पोरांना वाटायला लागायचं की आपण नेहमी इथलेच, हे अगदी सेम. वर्षं पण बघा, १९४८ आणि १९५०. साष्टी म्हणजे सहासष्ट गावं असं म्हणतात, आमचं बेट. आज साष्टी म्हटलं तर मुलाच्या वर्गातल्या एकाला तरी कळेल का मला शंका आहे.

शहराला गाव का लागतं, तर पहिलं पाण्यासाठी. ओस्लोचं पिण्याचं पाणी बहुतेक सगळं एका तलावातून येतं, मारिदाल्सवान. तो आकेरमधला. मारिदालेन ही दरी, तिथे तेराव्या शतकातल्या एका दगडी चर्चचे अवशेष आहेत, सेंट मार्गारेटाचं, भाचीने सप्टेंबरमध्ये सायकलवरून जाऊन फोटो पाठवले, अर्ध्या भिंती, मध्ये गवत, मागे पिवळी पडलेली झाडं. तलावाच्या काठाला पोहायला बंदी, कारण पाणी प्यायचं. आणि आपल्याकडे मुंबईला पाणी पाहिजे झालं तेव्हा कुठे आले? साष्टीत. विहार तलाव १८६०, तुळशी १८७९. दोन्ही आमच्या डोंगरात, तेव्हा मुंबईच्या हद्दीच्या कितीतरी बाहेर. म्हणजे शहर आधी गावाचं पाणी प्यायलं आणि मग नव्वद वर्षांनी गावाला आपल्यात घेतलं.

मारिदाल्सवानमधून जी नदी निघते तिचं नाव आकेर्सेल्वा, आकेरची नदी. आठ-नऊ किलोमीटरची, म्हणजे आमच्या दहिसर नदीसारखीच लहानखुरी. पण तिला उतार जबरदस्त आहे, धबधबे आहेत, आणि त्या पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकात तिच्या काठी गिरण्या उभ्या राहिल्या. हो, गिरण्या, कापसाच्या. नॉर्वेत कुठला कापूस, पण बाहेरून आणायचे आणि सूत काढायचे. न्यूदालेनला १८४५ ची सूतगिरणी, खाली ग्र्युनरलोक्काजवळ १८५६ ची शिडाच्या कापडाची गिरणी. आणि १८५६ लाच इकडे ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली गिरणी सुरू झाली. कामाला तिकडे बायका खूप, पोरीबाळी, बारा-बारा तास. आता शिडाच्या कापडाच्या गिरणीत आर्ट कॉलेज आहे. भाचीने तिथल्या लाल विटांच्या भिंतीचा फोटो पाठवला तर माझे मिस्टर म्हणाले ही लोअर परळची कुठली गिरणी गं? मिस्टरांचे वडील गिरणीत होते, त्यामुळे त्यांना विटेवरून ओळख पटते.

आणि त्याच नदीवर १८४१ ला सुरू झालेला एक कारखाना, आकेर्स मेकानिस्के, पुढे फ्योर्डच्या काठावर गेला, जहाजं बांधायला लागला, आणि १९८२ ला बंद पडला. १९८२! मी ते वर्ष दोनदा तपासलं. आमच्याकडे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तो अजून कुठे रीतसर मिटलाय. तिकडे जहाजाच्या कारखान्याच्या जागेवर आज आकेर ब्रिग्गे आहे, काचेची ऑफिसं, महागडी घरं, आईस्क्रीम, बोटी. इकडे मॉल आणि टॉवर. भाची म्हणते मावशी तिथे एक कॉफी प्यायची म्हणजे माझं आठवड्याचं भाजीचं बजेट जातं. पण लोक ब्रिग्गेला जाऊया म्हणतात तेव्हा त्या नावात एक शेत आहे हे कुणाच्या डोक्यात येत असेल असं वाटत नाही.

शेतावरून आठवलं, नावांचं सांगायचंय. आकेर म्हणजे काही एक गाव नव्हे, ती शेकडो शेतं. एकेक शेत म्हणजे एकेक मोठं कुटुंब, वाडा, गोठा, कुरण, आणि त्या शेताचं नाव हेच माणसाचं आडनाव होऊन जायचं. आज ओस्लोच्या मेट्रोचे स्टेशन बघा, निम्मी जुन्या शेतांची नावं. ब्लिंडर्न, जिथे भाचीचं युनिव्हर्सिटीचं कॅम्पस आहे, ते शेत. उलेवोल शेत. तोसेन, ओप्साल, मांग्लेरुद. शेवटी रुद आलं की समजायचं जंगल तोडून साफ केलेली जागा, ग्रोरुद, हाउगेरुद सगळे त्यातले. आणि मला सगळ्यात आवडलेलं त्योयेन. जुन्या भाषेत ताद म्हणजे शेणखत आणि विन म्हणजे कुरण. शेणखताचं कुरण! तिथे १९६३ पासून मुंक या चित्रकाराचं म्युझियम होतं, ते २०२१ ला किनाऱ्यावर नव्या इमारतीत गेलं. जगभरची माणसं तिकीट काढून शेणखताच्या कुरणात चित्रं बघायला जात होती साठ वर्षं जवळजवळ. मला यात कमीपणा काहीच वाटत नाही उलट मायाच वाटते, कारण जमिनीचा कस कशाने येतो हे त्या नावात लिहून ठेवलंय. आपल्याकडे चिंचपोकळीला चिंच, वडाळ्याला वड, बोरिवलीला बोरं. खार म्हणजे खारवट जमीन. नाव उच्चारताना कुणी थांबत नाही एवढंच.

आणि सगळ्यात जुनी इमारत. ओस्लोत आज उभी असलेली सगळ्यात जुनी इमारत कुठली तर गामले आकेर किर्के, जुनं आकेर चर्च. साधारण ११५० च्या सुमाराचं, चुनखडीच्या दगडाचं, एका टेकडीवर. ते ज्या आकेर नावाच्या शेतावर उभं राहिलं त्या शेताच्या नावावरूनच हेरेडचं नाव पडलं. भाची एका रविवारी गेली, बर्फ नुकतं वितळलेलं, मला फोनवरून भिंत जवळून दाखवली. दगड ओबडधोबड, राखाडी, एकसारखा एक नाही, मध्ये चुना, आणि एका दगडाच्या खाचेत कुणीतरी खोचलेलं छोटं निळं फुल. ती म्हणाली, थंड आहे गं, हात लावला तर फ्रिजसारखा. आजूबाजूला कबरस्तान आणि खाली उतरलं की शहर. त्या चर्चकडे जाणारा रस्ता म्हणजे आकेर्सगाता, आकेरचा रस्ता. त्या रस्त्यावर मोठमोठ्या पेपरांची ऑफिसं होती, सरकारी बिल्डिंगा आहेत, आपल्या फोर्टसारखं. गावाकडे जायची पायवाट शहराचा सगळ्यात महत्त्वाचा रस्ता झाली.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मंडपेश्वर होतं. आमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. डोंगरात खोदलेलं शंकराचं लेणं, आणि पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी त्याच्याच वर मठ आणि चर्च बांधलं, सोळाव्या शतकात, त्याच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. पुढे डोंगरात कान्हेरी, ती तर दोन हजार वर्षांपासूनची. म्हणजे मुंबईतलं जुन्यात जुनं जे काय आहे त्यातलं कितीतरी फोर्टमध्ये नाही, इकडे आमच्याकडे आहे, जो भाग १९५७ पर्यंत मुंबईत नव्हताच. पाहुणे आले की आपण त्यांना गेटवे दाखवायला नेतो, जे १९२४ चं.

आकेरचे लोक म्हणजे नुसते शेतकरी होते असं पण नाही हां. पश्चिमेला श्रीमंती होती. १८९८ ला मायोर्स्तुएनपासून वर होल्मेनकोलेनच्या टेकडीपर्यंत इलेक्ट्रिक ट्रेन सुरू झाली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बंगले उगवले, शहरात नोकरी आणि आकेरमध्ये घर, बाग, हवा. आपल्या पार्ले-वांद्र्याचं पण रेल्वेनेच असं केलं. होल्मेनकोलेनला १८९२ पासून स्कीच्या उड्यांच्या स्पर्धा होतात, नॉर्वेचं नाव जगात जिथे जिथे गेलं तिथे ती टेकडी गेली, आणि ती टेकडी १९४८ पर्यंत ओस्लोत नव्हती, आकेरमध्ये होती. हॉस्पिटल पण आकेरचं स्वतःचं, १८९५ पासूनचं, आज पण आकेर हॉस्पिटल म्हणूनच ओळखतात.

मग १९४८ का झालं? युद्ध संपलेलं, पाच वर्षं जर्मनांनी देश ताब्यात ठेवलेला, घरांची भयंकर टंचाई, आणि १७ चौरस किलोमीटरमध्ये कुठे बांधणार. मोकळी जमीन सगळी आकेरची. विलीन केल्यावर लगेच १९५१ ला लाम्बेर्तसेतरला काम सुरू झालं, देशातली पहिली उपनगरी वसाहत, शेतावर तीन-चार मजली इमारती, मध्ये हिरवळ, दुकानं, शाळा. मग ग्रोरुदच्या दरीत एकामागून एक वसाहती, आणि १९६६ ला मेट्रो. गिरण्यांच्या आसपास एका खोलीत सहा-सहा जण राहणाऱ्यांना नळ, संडास आणि बाल्कनी मिळाली. हे मी खुल्या मनाने लिहिते, कारण गाव गेलं म्हणून हळहळताना ज्याला घर मिळालं त्याचं पण बघायला पाहिजे. आमच्या घरासमोरच्या बिल्डिंगमध्ये लालबागवरून आलेली कुटुंबं आहेत, त्यांच्या मुलांचं लहानपण चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत गेलं आणि नातवंडांचं आमच्या शेतात, म्हणजे जिथे आमचं शेत होतं तिथे. त्यातल्या काकू आमच्याकडे हळदीकुंकवाला येतात. त्यांनी इथून जावं असं मला कधीच वाटलेलं नाही.

पण एक गोष्ट तिकडे झाली आणि ती मला फार मोठी वाटते. आकेरची जंगलं शहराने घेतली पण खाल्ली नाहीत. ओस्लोचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आज पण जंगल आहे, ते त्याला मार्का म्हणतात, आणि २००९ पासून त्याला खास कायदा आहे की त्या हद्दीच्या आत बांधकाम नाही. भाची मेट्रोतून उतरते आणि पाच मिनिटांत जंगलात. थंडीत लोक मेट्रोत स्की घेऊन चढतात. आणि नदी! आकेर्सेल्वा एकेकाळी कारखान्यांचं गटार होती, रंग, रसायनं, सगळं. ती साफ केली, काठाने चालायचा रस्ता केला, मासे परत आले. २०११ ला पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधून क्लोरीन नदीत गेलं आणि मासे मेले, लोक हळहळले, पण नदी परत भरली. आता शहराच्या मधोमध सामन मासा वर चढतो.

आमची दहिसर नदी तुळशी तलावाकडून येते, नॅशनल पार्कच्या आत बघाल तर आज पण स्वच्छ, खेकडे दिसतात दगडांखाली. पार्कच्या गेटबाहेर पडली की दोन किलोमीटरमध्ये काळी. आजी सांगायची ती धुणं घेऊन जायची, आणि वाळू इतकी पांढरी असायची की चादर वाळत घातलीय की वाळू हे लांबून कळायचं नाही. २६ जुलै २००५ ला तीच नदी आमच्या ओट्यापर्यंत आली होती. तिकडच्या नदीचं वाचते तेव्हा मला हेवा वाटत नाही, मला वाटतं अरे होऊ शकतं की, आठ-नऊ किलोमीटरची त्यांनी केली, आमची पण दहा-बाराचीच आहे, वरचं टोक अजून जिवंत आहे.

आकेर पुन्हा वेगळं व्हावं असं आता कुणी म्हणतं का, तर तसं काही माझ्या वाचनात नाही आलं. पण नॉर्वेत गावं परत वेगळी होतात हां. १९३० मध्ये त्यांच्याकडे सातशेच्या वर नगरपालिका-ग्रामपालिका होत्या, जोडून जोडून २०२० ला ३५६ राहिल्या. त्यातलं हाराम नावाचं एक गाव २०२० ला ओलेसुन शहरात घातलं होतं, तिथल्या लोकांनी धरून लावलं आणि २०२४ च्या जानेवारीत ते परत स्वतंत्र झालं. ३५६ चे ३५७ झाले. आमच्या खाडीपलीकडच्या वसईत २००९ ला महानगरपालिका झाली तेव्हा गावं वगळा म्हणून केवढं आंदोलन झालं, माझ्या मावससासऱ्यांच्या दारावर अजून तो स्टिकर आहे अर्धा निघालेला. आणि आकेर्सहूस जिल्हा, तो पण २०२० ला विकेन नावाच्या मोठ्या जिल्ह्यात विरघळवला होता, लोकांना रुचलं नाही, २०२४ ला मोडला आणि आकेर्सहूस परत आलं. तर आकेर स्वतः नाही पण त्याच्या नावाचा जिल्हा आहे, ज्यात आकेर नाही! नदी आहे, रस्ता आहे, किल्ला आहे, हॉस्पिटल आहे, चर्च आहे, नॉर्डरे आकेर आणि वेस्त्रे आकेर असे दोन वॉर्ड आहेत. आकेरचा सरकारी नंबर होता ०२१८. पुढचे ०२१९ आणि ०२२० शेजारच्या बेरुम आणि आस्केरचे होते. मधला ०२१८ गेला.

आमच्या गावठाणात एक विहीर होती, दगडी, आत उतरायला पायऱ्या, वर्षातून एकदा तिची पूजा व्हायची, नवं लग्न झालेलं जोडपं आधी तिला नारळ द्यायचं. रस्ता रुंद करताना ती बुजवली. आम्ही अर्ज घेऊन गेलो होतो तेव्हा टेबलापलीकडच्या साहेबांनी नकाशा उघडून दाखवला आणि म्हणाले इथे विहीर दाखवलेलीच नाहीये. माझ्या सासूबाई, कधी कुणाशी वर आवाजात न बोलणाऱ्या, त्यांना म्हणाल्या, साहेब मी पाणी प्यायलेय तिचं. आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यांच्यातला एक पावसाळ्यात दरवर्षी खचतो. लग्न झालं की जोडपं अजून तिथेच नारळ फोडतं, पेव्हर ब्लॉकवर, ट्रॅफिक दोन मिनिटं थांबतो.

दिवाळीत भाचीला फराळ पाठवला. कुरियरवाला मुलगा म्हणाला दुधातुपाचं नको, अडकतं, म्हणून लाडू आणि करंज्या राहिल्या, चकल्या, कडबोळी आणि पातळ पोह्यांचा चिवडा गेला. पत्ता सांगताना मी दुसऱ्या ओळीत नॉर्डरे आकेर घालायला सांगितलं, तर म्हणाला मॅडम पिनकोड आणि ओस्लो पुरे, एक्स्ट्रा कशाला. म्हटलं घाल. मग पाठवणाऱ्याचा पत्ता. त्याच्या कॉम्प्युटरवर दहिसर ईस्ट आणि दहिसर वेस्ट असे दोनच होते, गावठाण नव्हतं. त्याने दहिसर वेस्ट निवडलं, स्टिकर छापला, चिकटवला. मी पेन मागून घेतलं आणि स्टिकरच्या वर, खोक्याच्या पुठ्ठ्यावर, मराठीत दहिसर गावठाण लिहिलं.

अकरा दिवसांनी भाचीने खोक्याचा फोटो पाठवला. एक कोपरा दबलेला, चार चकल्या मोडलेल्या, आणि वर माझं अक्षर तसंच. खालच्या ओळीत छापलेलं, नॉर्डरे आकेर.